माझ्या वाटचं तू खा

खोली भाड्याने देताना लोक काय विचारतात? लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, मासे खाता का. मसोलीतल्या त्या चिकूच्या वाडीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकींनी यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गहू आणणार का घरात?"

मी घाटावरची. झरीच्या शाळेवर बदली होऊन आलेली, डहाणूत खोल्या बघून बघून पायाचे तुकडे पडलेले. डोकं फिरलं माझं. म्हटलं, "गहू आहे हो तो, बॉम्ब नाही."

"माझ्यासाठी बॉम्बच. पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. मळायचं ते खिडकी लावून. भिंत एक आहे आपली, आणि पीठ उडतं. पटत असेल तर चावी घे, नाहीतर रिक्षा उभीच आहे."

चावी घेतली. त्या भिंतीच्या अलीकडे मी इतकी वर्षं काढली की माझी दुसरी बदली आली तेव्हा मीच अर्ज करून ती थांबवली. आता काकी नाहीत. खिडकी लावून कणीक मळायची सवय मात्र गेलेली नाही, आणि त्यामुळे उन्हाळ्यात मी उकडून निघते आणि त्यांच्या नावाने बोटं मोडते.

काकींच्या आतड्याला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे पथ्य-बिथ्य नाही, कणभर पोटात गेला तरी आठवडाभर बाई आडवी. पोळी नाही, पाव नाही, रवा नाही, शेवया नाहीत, बिस्कीट नाही. बाहेर सुरमई तळतात तीही रव्यात घोळवून, म्हणून तीही नाही. अंगाने अशा किडकिडीत की बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. आवाज मात्र बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या बाईसारखा. त्या आवाजात त्या जिथे जातील तिथे एकच प्रश्न विचारायच्या, "हिंग कुठला?"

हिंगात गहू असतो हे तुम्हाला माहीत आहे का? मला नव्हतं. डबीतला हिंग नुसता हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं, बहुतेक वेळा गव्हाचं. त्यामुळे लग्न असो, बारसं असो, काकी आधी आचाऱ्याकडे जायच्या, डबी मागायच्या, चष्मा लावून उलटीपालटी करायच्या आणि मग पंगतीत बसून स्वतःचा डबा उघडायच्या. यजमानीण बिचारी तोंड पाडून उभी. एकदा शेजारी मयत झालं. संध्याकाळी त्या घरी पिठलं-भात पोचवला होता. आम्ही भेटायला गेलो, तर घरच्यांनी आम्हालाही दोन घास घ्या म्हटलं. काकींनी तिथेही विचारलं, "हिंग कुठला?" मी त्यांना चिमटा काढला. बाहेर आल्यावर म्हणतात कशा, "चिमटे काय काढतेस? एका आळीतनं एका दिवशी दोन तिरड्या काढायच्या होत्या का?"

लोक नावं ठेवायचे, ठेवणारच. कोणी म्हणायचं सोवळं वाढलंय, कोणी म्हणायचं वाडीवाल्यांची थेरं. काकींना त्याचं काही नव्हतं, निदान मला तसं वाटायचं. एकदा आम्ही उंबरगावला फरसाणाच्या दुकानात गेलो. काकींनी एका गोल कुरकुरीत पुरीकडे बोट दाखवून विचारलं, "आमां घउं छे?" यात गहू आहे का. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "ना बेन, घउं नथी. मेंदो छे." गहू नाही, मैदा आहे. काकी दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. अहो, मैदा काय झाडाला लागतो? पुढे कोणी मूर्खासारखं बोललं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि म्हणायचो, मेंदो छे. आमच्या हेडमास्तरांचं तर तेच नाव पडलं.

आणि प्रसाद. प्रसादाला नाही म्हणता येत नाही. सत्यनारायणाचा शिरा काकी उजव्या तळव्यावर घ्यायच्या, डोळे मिटून कपाळाला लावायच्या आणि शेजारी बसलेल्या माझ्या हातावर ठेवायच्या. "माझ्या वाटचं तू खा." पुढे पुढे तर मी आपला हात आधीच पुढे करून बसायची. देव दोघींचं एकत्र धरून घेत असेल, काय करणार? मसोलीत आल्यापासून माझं वजन वाढलं ते या प्रसादांनी. तसं म्हटलं की त्या म्हणायच्या, "पुण्य पण वाढलं असेल की. ते का नाही मोजत?"

काका, त्यांचे यजमान, अबोल माणूस. चिकू, भात आणि वाडीच्या टोकाला बसून दिसणारा समुद्र, एवढंच त्यांचं जग. फक्त एकच दोष, तंदुरी रोटी. घरात पोळीला बंदी, म्हणून काका अधूनमधून मोटारसायकल काढायचे आणि थेट अच्छाडला, हायवेवर ट्रक उभे असतात तिथल्या ढाब्यावर जाऊन रोट्या हाणून यायचे. येताना बडीशेप खात, चेहरा असा की देवळातून आलेत. काकी ओट्यावरूनच ओरडायच्या, "ढाब्यावरून आलात ना? आधी न्हाणीघर. शर्ट बाहेर टाका." काका मुकाट न्हाणीघरात.

ही सगळी गंमत. आता गंमत नाही ते सांगते.

काकींना गिरणीवर विश्वास नव्हता, कारण तिथे गव्हामागून तांदूळ दळतात. म्हणून घरात त्यांची स्वतःची घरघंटी होती आणि तिला कोणी हात लावलेला चालायचा नाही. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मात्र झरीत माझ्या शाळेजवळच्या एका घरी जात्यावर दळलेलं हवं असायचं, कारण त्या जात्यात गहू कधी पडलाच नव्हता. मग रविवारी माझ्या स्कूटीवर मागे बसून यायच्या. अशाच एका रविवारी परत येताना, मी न विचारता, पाठीमागून त्यांनी ते सांगितलं. समोरासमोर सांगितलं नसतं.

माहेरी दोन्ही वेळ भात आणि तांदळाची भाकरी. सासर ऐपतीचं, म्हणून सासरी रोज पोळ्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून पोट बिघडलं ते बिघडलंच. दिवस गेले. सासूने जीव टाकला सुनेवर. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, वाळवायचे. ते गव्हाचं सत्त्व दुधात शिजवून, साखर-वेलची घालून वाटी हातात द्यायची, आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर उभी राहायची. अशक्त बाईला आपल्याकडे हेच देतात, तुमच्या आईनेही दिलं असेल. ते मूल राहिलं नाही. पुन्हा दिवस गेले, पुन्हा नाही. सून जितकी सुकत गेली तितकं सासूने सत्त्व वाढवलं. जंताची औषधं झाली, क्षयाची झाली, नवस झाले. केस पांढरे झाल्यावर वापीच्या एका डॉक्टरने तपासण्या करून सांगितलं की बाई, तुम्हाला गहू चालत नाही. तोवर सासू देवाघरी गेली होती.

"बरं झालं गेल्या होत्या," काकी म्हणाल्या. "त्यांना कोणी सांगायचं होतं?"

तलासरीचा चढ लागला होता.

"वाईट असत्या तर शिव्या तरी घातल्या असत्या गं," त्या म्हणाल्या. "तेही नाही."

त्या दिवसापासून मला त्यांचं ते हिंगाचं वेड हसण्यासारखं वाटेनासं झालं. लोकांना वाटायचं, बाई जगण्याला फार चिकटलीय. मला वाटायचं, एवढं गेल्यावर जे उरलंय ते तरी हातचं जाऊ नये म्हणून ती दारात काठी घेऊन बसलीय.

मग ती बोट आली. मुंबईचा पुतण्या, चांगला मुलगा, पैसेवाला, काका-काकींच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून सगळ्या कुटुंबाला मोठ्या बोटीवर नेणार होता. मुंबई ते गोवा आणि परत. काकींनी फोनवरच सांगितलं, मी येत नाही. पण काका, ज्यांनी जन्मात काही मागितलं नाही, ते म्हणाले, "आयुष्यभर समुद्राकडे तोंड करून बसलोय. एकदा आतून किनारा बघू. आपल्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी दिसेल."

"मास्तरीण आली तर येते," काकी म्हणाल्या. म्हणजे मी. का, तर बोटीवर इंग्रजीत हिंग कोण विचारणार? दिवाळीची सुट्टी होती, गेले.

बोटीच्या लोकांना मी आधीच कळवलं होतं. नोंद घेतली आहे, काळजी नसावी, असं उत्तर आलं. काकींचा त्यावर विश्वास असता तर त्या काकी कसल्या? तांदळाचं पीठ, नागलीचं पीठ, पोहे, तवा, स्वतःचा हिंगाचा खडा आणि वर सुके बोंबील, अशी एक पेटी भरली. आणि त्यांना सावध राहण्याचं कारणही होतं. त्याच वर्षी त्यांची आतडी पुन्हा सुजली होती. वापीच्या डॉक्टरने माझ्यासमोर बजावलं होतं, "आता चुकायला जागा उरलेली नाही. एकदाही नाही." काकी मान हलवून म्हणाल्या होत्या, मी कधी चुकले?

मुंबईला धक्क्यावर तपासणीत पेटी उघडली. बाहेरचं खाणं बोटीवर नेता येत नाही. मी भांडले, डॉक्टरचा कागद दाखवला, आवाज चढवला. शेवटी औषधं आत गेली आणि पेटी बाहेर राहिली. बोंबलांच्या वासाने तो तपासणीवाला नाकाला रुमाल लावून उभा होता आणि मागे रांगेतली माणसं हसत होती. काकी हसल्या नाहीत. नुसती पर्स छातीशी धरून पुढे चालायला लागल्या.

त्या जेवणघराचं काय वर्णन करू? नजर पोचेल तिथवर पदार्थ मांडलेले, आणि त्यातल्या ज्याला म्हणून हात लावावा त्यात गहू. एक टापटीप साहेब येऊन मला इंग्रजीत सांगून गेला की मॅडमसाठी सगळी व्यवस्था आहे. व्यवस्था म्हणजे काकडी, केळी, उकडलेली अंडी आणि पांढरा भात. त्या भातातही शेजारच्या नूडल्सचा चमचा बुडताना काकींनी आपल्या डोळ्यांनी बघितला. मग भातही गेला. पहिला दिवस त्यांनी केळ्यांवर काढला. कुटुंबातली पोरंटोरं आधी विचारायची, "काकी, हे चालेल? ते चालेल?" मग विचारेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बघितलं, सगळे एका लांब टेबलावर हसत जेवताहेत आणि काकी कोपऱ्यातल्या टेबलाशी केळं सोलत बसल्यात. कोणी त्यांना उठवलं नव्हतं. तिथे त्या आपणहून जाऊन बसल्या होत्या, आणि त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं.

काका वरच्या मजल्यावर कठड्याला धरून उभे. चिमणी शोधत होते. पुतण्याने सांगितलं, "काका, बोट दक्षिणेला चाललीय. डहाणू मागे राहिलं." काका "असं होय" म्हणाले आणि तरी तिथेच उभे राहिले.

त्याच दुपारी तो आचारी भेटला. काकी मुदपाकखान्याच्या दाराशी उभ्या राहून कोणाला तरी विचारत होत्या, "हिंग कुठला?" आतून एक पन्नाशीचा माणूस पांढरी टोपी सावरत बाहेर आला, तोंडभर हसत. "काकी, तुम्ही डहाणूच्या ना? बोलण्यावरनंच ओळखलं. मी तलासरीचा. अच्छाडच्या ढाब्यावर शिकलो मी." इतक्या वर्षांत बोटीवर गावाकडचं माणूस भेटलं नव्हतं म्हणे. काकींचा चेहरा काय उजळला! काका कुठल्या ढाब्यावर रोट्या खायचे तेही निघालं. काकींनी त्याला आपलं सगळं समजावलं, हळूहळू, दोनदोनदा. गहू नाही. अजिबात नाही. तो म्हणाला, "काकी, मला सांगता? संध्याकाळी बघाच तुम्ही."

संध्याकाळी केक कापला. काका-काकींनी सुरी धरली. फोटोसाठी काकांनी तुकडा पुढे केला आणि काकींनी तोंड फिरवलं. नुसता ओठाला लावायचा होता, पण त्यांना ते जमलं नाही. पुतण्या म्हणाला, "काकी, एक दिवस तरी!" रागाने नाही, थकून म्हणाला.

तेवढ्यात तो आचारी आला. दोन्ही हातांत झाकलेलं ताट. झाकण काढलं तर कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. पांढऱ्याशुभ्र, गोल, कड कुठे फुटलेली नाही. टाळ्या पडल्या. बोटीवरच्या परक्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. ताट काकींसमोर ठेवून तो दोन पावलं मागे सरला आणि हात पुढे बांधून उभा राहिला. पुतण्याची बायको काकींची नक्कल करून म्हणाली, "आता विचारा, हिंग कुठला?" सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "खा गो," ते म्हणाले. "तुझ्यासाठी केलंय."

काकींनी भाकरीचा तुकडा तोडायला घेतला आणि थांबल्या. पुन्हा तोडला. मान वर करून त्या माणसाकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता विचारतील, आता डबी मागतील. त्यांनी काही विचारलं नाही. तो तुकडा कालवणात बुडवून खाल्ला, मग दुसरा, मग ती भाकरी संपवली. "छान झालीय हो," त्या त्याला म्हणाल्या.

मला बाई आनंद झाला. खोटं कशाला बोलू, रडू आलं मला.

सकाळी चहाला तो आचारी मला शोधत आला. "काकी उठल्या का? आवडली ना? तांदळाचं पीठ इथल्या तव्यावर फुटतं हो ताई. म्हणून दोन मुठी मैदा मारला, मग बघा कशी गोल झाली. गव्हाच्या पिठाला शिवलोसुद्धा नाही, काकींनी बजावलं होतं ना."

मेंदो छे.

मी कपबशी तिथेच टाकून धावले. काकी खोलीत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, रंग उडालेला, पोटाशी उशी दाबून. न्हाणीघराचा दिवा चालू होता. मी धापा टाकत सांगायला लागले, काकी, त्याने मैदा... त्यांनी हात वर केला.

"माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"भाकरी तोडताना ताणली गेली. तांदूळ तुटतो गं, ताणत नाही. पहिल्या तुकड्यालाच कळलं."

मी भडकले. आजारी बाईवर ओरडले मी. कळलं होतं तर खाल्ली कशाला? लाज काय धरायची त्या माणसाची? डॉक्टर काय म्हणाले होते?

काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो कसा उभा होता बघितलंस? सासूबाई अश्शाच उभ्या राहायच्या. वाटी संपेपर्यंत."

मग जरा वेळाने म्हणाल्या, "त्याला उतरताना सांग. आत्ता नको. पण सांग मात्र, उद्या माझ्यासारखी दुसरी कोणी येईल." उतरताना मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. "पण मैदा..." एवढंच तो म्हणाला आणि टोपी काढून हातात धरून उभा राहिला. त्याच्यावर रागवायचं ठरवलं होतं, जमलं नाही. राग कोणावर काढायचा तेच कळेना. अजून कळत नाही. जो उठतो तो मायेने मारतो, आणि मायेला जाब कसा विचारायचा?

एका भाकरीने माणूस मरत नाही, वापीचे डॉक्टरही तेच म्हणाले. थोडक्यात बचावलात, पुन्हा काटेकोर राहा, सावराल. पण त्या भाकरीनंतर काकींनी विचारणंच सोडलं. घरघंटीत गहू दळलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले. काकांसाठी पोळ्या व्हायला लागल्या. काकांना आधी वाटलं, चला, कटकट संपली. ढाब्यावर जायचे बंद झाले. मग एक दिवस काकींच्या ताटात पोळी दिसली आणि काका ताटावरून उठून वाडीत निघून गेले. मी भांडले, अबोला धरला, डॉक्टरला फोन लावून दिला. काकी म्हणाल्या, "मास्तरीण, जन्मभर मी लोकांच्या हातात खोट शोधली. चांगल्या चांगल्या माणसांच्या. कंटाळले गं मी."

थंडीत शेजारी सत्यनारायण होता. काकी माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर शाल, बांगड्या आता कोपराच्याही वर जात होत्या. आरती झाली. शिरा वाटत आले. काकींनी तळवा पुढे केला, शिरा घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला. मी सवयीने माझा हात त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि तो शिरा स्वतःच्या तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, बोटंसुद्धा चाटली.

"गोड झालाय," त्या म्हणाल्या.

माझा हात तसाच पुढे होता. मग मी तो ओढणीला पुसला. पुसण्यासारखं त्याला काही लागलं नव्हतं.